विश्लेषण : घरच्या सर्व्हरवर कोण काय पाहते, हे कोणाकोणाला दिसते?

घरातल्या संगणकावरचे सिनेमे, गाणी आणि लग्नाचे व्हिडीओ टीव्हीवर, मोबाइलवर पोहोचवणाऱ्या ‘होम मीडिया सर्व्हर’मध्ये एक फलक असतो. सिनेमा मधेच का अडकला, हे शोधण्यासाठी तो बनवला गेला. पण कोणी, कधी, कुठून, काय पाहिले हेही तोच फलक सांगतो. त्यामुळे प्लेक्स, जेलीफिन, टाउटुली यांच्या वापरकर्त्यांचे अभिप्राय दोन टोकांना जातात. सर्व्हर चालवणाऱ्याला आणखी माहिती हवी असते, तर पाहणाऱ्याला आपली माहिती इतकी दिसते हेच अनेकदा ठाऊक नसते.

होम मीडिया सर्व्हर म्हणजे नेमके काय?

जुना लॅपटॉप, एखादा रास्पबेरी पाय किंवा दोन-चार हार्ड डिस्क बसतील असा नेटवर्क स्टोरेजचा डबा. यांपैकी कशावरही एक सॉफ्टवेअर टाकायचे आणि आपल्याकडचे सिनेमे, मालिका, गाणी त्याच्या हवाली करायची. सॉफ्टवेअर त्यांची पोस्टर शोधते, नावे लावते आणि एखाद्या ओटीटी अॅपसारखे दिसणारे ग्रंथालय तयार करते. फरक इतकाच की फायली आपल्या घरात असतात. घरातल्यांना, परगावच्या आईवडिलांना, मित्रांना वेगवेगळी खाती काढून देता येतात.

या प्रकारातले सर्वाधिक परिचित नाव म्हणजे प्लेक्स. ‘एक्सबीएमसी’ या मुक्त सॉफ्टवेअरची मॅक संगणकासाठी केलेली आवृत्ती म्हणून २००७-०८च्या सुमारास त्याची सुरुवात झाली. एम्बी हे दुसरे नाव. डिसेंबर २०१८ मध्ये एम्बीने आपला कोड बंदिस्त केला, तेव्हा नाराज झालेल्या काही स्वयंसेवकांनी आधीचा खुला कोड घेऊन त्याच महिन्यात जेलीफिनचा घाट घातला. जेलीफिन पूर्ण मोफत आहे आणि त्यामागे कंपनी नाही. प्लेक्समध्ये मात्र काही सोयी ‘प्लेक्स पास’ घेणाऱ्यांसाठी राखीव आहेत आणि सर्व्हर घरात असला तरी खाते कंपनीकडे उघडावे लागते. हा फरक पुढच्या वादांत महत्त्वाचा ठरला.

डॅशबोर्डवर काय दिसते?

सर्व्हरच्या मालकाने हे पान उघडले की सगळ्यात वर ‘आत्ता काय चालू आहे’ याचे पत्ते मांडलेले असतात. प्रत्येक पत्त्यावर पोस्टर, पाहणाऱ्याचे नाव, उपकरण, सिनेमा कितव्या मिनिटाला आहे याची पट्टी. त्याखाली किती डेटा लागतो आहे, पाहणारा घरातूनच पाहतो आहे की बाहेरून, आणि अनेकदा त्याचा आयपी पत्ता. शेजारी प्रोसेसर आणि मेमरीचे आलेख.

पत्त्यावरचा सर्वांत कामाचा शब्द मात्र वेगळाच असतो : डायरेक्ट प्ले की ट्रान्सकोड? टीव्हीला फाइल जशीच्या तशी समजत असेल तर सर्व्हर ती नुसती पुढे सरकवतो. हे काम इतके हलके असते की दहा वर्षांपूर्वीचा संगणकही ते सहज करतो. कधी आतला व्हिडीओ चालतो, पण फाइलचा प्रकार टीव्हीला मानवत नाही. मग सर्व्हर डबा बदलतो, आतला माल तोच ठेवतो. हेही फार जड नसते. खरी कसोटी लागते ती तिसऱ्या प्रकारात. सिनेमा ‘एचईव्हीसी’ या नव्या पद्धतीने साठवलेला आहे आणि जुन्या टीव्हीला फक्त ‘एच.२६४’ कळते, असे झाले तर सर्व्हरला एकेक दृश्य उलगडून, पुन्हा नव्याने बांधून, तेही सिनेमाच्या वेगाने पुढे पाठवावे लागते. सभेत शेजारी बसून वाक्यावाक्याचे भाषांतर सांगणाऱ्या दुभाष्यासारखे हे काम आहे. दुभाषा मागे पडला की ऐकणारा थांबतो. पडद्यावर गोल फिरणारे चक्र दिसते ते तेव्हा.

उपशीर्षकांमुळेही हा घोळ होतो, आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. ब्लू-रेवरून घेतलेली उपशीर्षके बहुधा अक्षरांच्या नव्हे तर चित्रांच्या स्वरूपात असतात. टीव्हीवरच्या अॅपला ती वेगळी दाखवता आली नाहीत तर सर्व्हर ती थेट चित्रात कोरतो. त्यासाठी सगळा व्हिडीओ पुन्हा बांधावा लागतो. म्हणजे एरवी सुरळीत चालणारा सिनेमा कोणी उपशीर्षके चालू केली म्हणून अडकू लागतो. मराठी किंवा हिंदी उपशीर्षके कोरताना सर्व्हरवर देवनागरी फाँट नसेल तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात, तो अनुभव वेगळाच. जेलीफिनमध्ये पर्यायी फाँटचे फोल्डर ठरवून देण्याची सोय त्यासाठीच आहे.

सर्व्हर चालवणाऱ्यांच्या तक्रारी काय?

पहिली आणि सर्वांत जुनी तक्रार : काय चालले आहे ते सांगता, पण का ते सांगत नाही. पत्त्यावर नुसते ‘ट्रान्सकोड’ लिहिले असेल तर दोष व्हिडीओचा, आवाजाचा, उपशीर्षकांचा, की टीव्हीवरच्या अॅपमध्ये चुकून कमी ठेवलेल्या दर्जाचा, हे कळायला मार्ग नाही. जेलीफिनने यावर तोडगा काढला. पत्त्यावरचे माहितीचे बटण दाबले की ट्रान्सकोडिंगचे कारण दिसते. टाउटुली हे प्लेक्सवर नजर ठेवणारे स्वतंत्र, मोफत सॉफ्टवेअर. आधी त्याचे नाव प्लेक्सपाय होते. ते फाइलचा प्रकार, व्हिडीओ, आवाज आणि उपशीर्षके या चौघांचा हिशेब वेगवेगळा मांडते. आवाज बदलला जातोय आणि व्हिडीओ तसाच जातोय, असे दिसले की मालकाला धीर येतो. आवाज बदलणे सर्व्हरला फारसे जड नसते.

दुसरी तक्रार आकड्यांच्या अर्थाबद्दल आहे. टाउटुलीच्या माथ्यावर एकूण बँडविड्थ लिहिलेली असते. आपल्या इंटरनेट जोडणीचा अपलोड वेग २० मेगाबिट असताना फलक ३० मेगाबिट कसा दाखवतो, असा प्रश्न नव्या वापरकर्त्याला हमखास पडतो. तो आकडा तारेतून त्या क्षणी वाहणाऱ्या डेटाचा नसतो. हा सिनेमा न अडकता चालण्यासाठी एवढी जागा राखून ठेवावी लागेल, हा प्लेक्स सर्व्हरचा अंदाज असतो. प्रत्यक्षात डेटा एकदम मोठ्या घोटांत जातो, मग काही वेळ काहीच जात नाही. अंदाज आणि मोजमाप शेजारी शेजारी, एकाच टंकात छापले की गोंधळ होणारच. यात वापरकर्त्याला बोल लावता येत नाही.

प्रोसेसरच्या आलेखाचीही तीच गत. ट्रान्सकोडिंगचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवले असेल तर प्रोसेसर निवांत दिसतो आणि सिनेमा मात्र अडकत असतो. प्लेक्सच्या पत्त्यावर अशा वेळी ‘एचडब्ल्यू’ ही दोन इंग्रजी अक्षरे कंसात येतात. ती पाहायची असतात हे कोणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही.

भारतात, त्यातही घरगुती ब्रॉडबँडवर, आणखी एक भानगड आहे. अनेक कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता शेकडो ग्राहकांत वाटून देतात. त्यामुळे बाहेरून कोणी पुण्यातल्या घरच्या सर्व्हरपर्यंत थेट पोहोचू शकत नाही. अशा वेळी प्लेक्स स्वतःच्या मध्यस्थ यंत्रणेतून सिनेमा पाठवते, पण तिथे सेकंदाला १ ते २ मेगाबिट एवढीच मर्यादा असते. सांगलीत बसलेल्या आईवडिलांना चित्र धूसर दिसते, डॅशबोर्डवर ट्रान्सकोड असे लिहून येते आणि मुलगा नवा संगणक घ्यायच्या विचाराला लागतो. संगणक ठीक असतो. अडचण जोडणीत असते. आयपीव्ही ६ किंवा टेलस्केलसारखे खासगी जाळे वापरून ती सोडवता येते. फलकावरचा आकडा वाचता आला तर काही हजार रुपये वाचू शकतात, ते असे.

‘घरातून’ की ‘बाहेरून’ या शब्दाला किंमत कशी आली?

२९ एप्रिल २०२५ पर्यंत ही पत्त्यावरची एक साधी खूण होती. त्या दिवसापासून प्लेक्सने आपल्या सर्व्हरवरचे व्हिडीओ घराबाहेरून पाहण्यासाठी पैसे आकारायला सुरुवात केली. सर्व्हरच्या मालकाकडे प्लेक्स पास हवा, नाहीतर पाहणाऱ्याने महिना सुमारे २ डॉलरचा वेगळा पास घ्यायचा. त्याच वेळी आजीवन पासची किंमत १२० डॉलरवरून २५० डॉलर झाली.

सर्व्हर जर डॉकरसारख्या बंदिस्त खोक्यात चालवला, किंवा घरात एकामागे एक दोन राउटर असले, तर दिवाणखान्यातला टीव्हीही सर्व्हरला परका वाटू शकतो. डॅशबोर्डवर तो ‘रिमोट’ म्हणून दिसतो. पूर्वी यामुळे फार तर चित्राचा दर्जा उतरायचा. आता आपल्याच घरात बसून आपलीच फाइल पाहताना पैसे मागितले जाण्याची वेळ येऊ शकते. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये घरचे नेटवर्क कोणते ते लिहून दिले की हे मिटते. पण आधी ती खूण दिसायला आणि कळायला हवी. दरवाढीनंतर जेलीफिनकडे वळण्याची भाषा पुन्हा जोरात सुरू झाली ती याच सुमारास.

मग आक्षेप कशाला?

वरच्या सगळ्या मागण्या एका दिशेच्या आहेत : आणखी दाखवा, नीट दाखवा, जास्त काळ साठवून ठेवा. टाउटुली लोकप्रिय झाले तेच मुळी प्रत्येक पाहण्याची नोंद वर्षानुवर्षे ठेवते म्हणून. कोणत्या खात्यावर किती तास पाहिले गेले, आठवड्याच्या कोणत्या वारी, दिवसाच्या कोणत्या तासाला, कोणता सिनेमा किती टक्के पाहून सोडला, याचे आलेख ते काढते. आयपी पत्त्यावरून पाहणारा साधारण कोणत्या शहरात आहे तेही दाखवते. कोणी काही लावले की मालकाच्या मोबाइलवर सूचना पाठवण्याचीही सोय आहे. प्लेक्सने एप्रिल २०२० मध्ये पास घेणाऱ्यांसाठी ‘प्लेक्स डॅश’ हे अॅप आणले, तेव्हा हा फलकच खिशात आला.

तांत्रिकदृष्ट्या यातली प्रत्येक नोंद उपयोगी आहे. आपल्या घरापुरता विचार केला की चित्र बदलते. समजा थोरल्या भावाने सर्व्हर चालवला आणि बहीण, मेहुणे, दोन मावसभाऊ यांना खाती दिली. रात्री दोन वाजता कोण जागे आहे, ऑफिसच्या वेळेत कोण वेबमालिका पाहते, दौऱ्यावर गेलो असे सांगणारा प्रत्यक्षात कोणत्या गावातून पाहतो आहे, हे सगळे थोरल्याला कळू शकते. त्याने ते मुद्दाम शोधलेले नसते. सिनेमा का अडकतो ते पाहायला तो पान उघडतो आणि बाकीचे आपोआप नजरेला पडते. एकदा दिसलेले न दिसल्यासारखे करणे आपल्याकडच्या कुटुंबांत किती जणांना जमते, हा प्रश्न वेगळा.

ओटीटी कंपनीकडेही ही सगळी माहिती असतेच, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो खरा आहे. पण ओटीटी कंपनी रविवारी जेवायला समोर बसत नाही.

यापूर्वी काय घडले?

वापरकर्त्यांच्या नाराजीने धोरण बदलल्याचे ठळक उदाहरण ऑगस्ट २०१७ चे आहे. प्लेक्सने नवे गोपनीयता धोरण जाहीर केले आणि वापराची आकडेवारी कंपनीकडे पाठवणे बंद करण्याचा पर्याय काढून टाकला. फाइलींची नावे आपण घेत नाही, असे कंपनी सांगत होती. त्यावर वापरकर्त्यांनी अचूक बोट ठेवले. नाव घेतले नाही तरी फाइलची नेमकी लांबी घेतली, तर ती कोणता सिनेमा आहे हे ओळखता येऊ शकते. अनेकांच्या सर्व्हरवर कुठून आणलेले सिनेमे असतात, हे उघड गुपित लक्षात घेतले तर एवढी अस्वस्थता का पसरली ते कळते. काही दिवसांतच कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी कीथ व्हॅलरी यांनी माघार जाहीर केली. पाहण्याची आकडेवारी बंद करण्याचा पर्याय परत आला आणि फाइलची लांबी वगैरे आकडे पूर्णांकात बदलून, ओळख पटणार नाही अशा रीतीने घेण्याचे ठरले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसरा प्रसंग घडला. प्लेक्सच्या वापरकर्त्यांना ‘तुमचा आठवडा’ अशा धर्तीचा ईमेल आला. त्यात स्वतःबरोबर मित्रांनी काय पाहिले याचीही यादी होती. प्लेक्सवरचा ‘मित्र’ म्हणजे अनेकदा कधीकाळी सर्व्हरची वाटणी केलेला सहकारी किंवा नातेवाईक. काहींच्या यादीत प्रौढांसाठीचे चित्रपट होते आणि ते सासुरवाडीपासून ऑफिसपर्यंत कोणाकोणाला गेले असतील या विचाराने लोक हादरले. ‘४०४ मीडिया’ या वृत्तसंकेतस्थळाने ही बातमी दिली. हे बंद करण्याचे सेटिंग खात्यात होते. पण ते आहे हे ईमेल आल्यावर कळलेल्यांची संख्या मोठी होती आणि राग त्याचाच होता. २०१७ च्या वादात माहिती कंपनीकडे जात होती. या वेळी ती ओळखीच्या माणसांकडे गेली, आणि ते लोकांना जास्त झोंबले.

कायदा काय सांगतो?

कोणी काय पाहिले ही माहिती खासगी मानावी, हा विचार इंटरनेटच्या आधीचा आहे. अमेरिकेत १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवले गेले, तेव्हा एका साप्ताहिकाने त्यांनी व्हिडीओ दुकानातून भाड्याने आणलेल्या १४६ कॅसेटींची यादी छापली. यादीत वावगे काही नव्हते. तरीही लोकप्रतिनिधी इतके चपापले की पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, व्हिडीओ दुकानांना ग्राहकांची नोंद उघड करण्यास मनाई करणारा स्वतंत्र कायदा झाला.

भारतातला २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा कंपन्यांवर संमती आणि जबाबदारीची बंधने घालतो. मात्र एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला तो लागू होत नाही. युरोपातल्या ‘जीडीपीआर’मध्येही अशीच सूट आहे. म्हणजे प्लेक्स कंपनीने काय गोळा करावे याला नियम असू शकतात. थोरल्या भावाने डॅशबोर्डवर काय पाहावे याला नाहीत.

नोंदी चोरीला गेल्या तर?

ही भीती कल्पनेतली नाही. प्लेक्सच्या खातेदारांची माहिती चोरीला गेल्याने ऑगस्ट २०२२ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने पासवर्ड बदलण्यास सांगितले. पासवर्ड सांभाळणाऱ्या लास्टपास या कंपनीवर २०२२ मध्ये झालेला मोठा सायबर हल्लाही तिच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकातून पुढे सरकला. त्या संगणकावर प्लेक्सची जुनी, दुरुस्त न केलेली आवृत्ती होती. तिच्यातली त्रुटी प्लेक्सने मे २०२० मध्येच दूर केली होती. अभियंत्याने अपडेट घेतले नव्हते.

घरचा सर्व्हर चालवणाऱ्याला याचा थेट अर्थ असा की डॅशबोर्ड इंटरनेटवर उघडा ठेवू नये, पासवर्डशिवाय तर नाहीच, आणि अपडेट लांबवू नये. नोंदवहीत पाच वर्षांचा इतिहास असेल तर चोराच्या हाती पाच वर्षांचा इतिहास लागतो.

मालकाला आणि पाहणाऱ्याला काय करता येईल?

जेलीफिनमधली घडामोडींची नोंद सर्वसाधारणपणे ३० दिवसच राहते आणि हा काळ बदलता येतो. पाहण्याचा सविस्तर इतिहास हवा असेल तर वेगळे प्लगिन मुद्दाम बसवावे लागते. न बसवणे हाही निर्णयच आहे. प्लेक्सच्या खात्यात गोपनीयतेच्या पानावर आपला पाहण्याचा इतिहास कोणाला दिसावा ते ठरवता येते. सर्व्हर दुसऱ्याचा असला तरी हे सेटिंग पाहणाऱ्याच्या हातात असते. मात्र त्याने सर्व्हरच्या मालकाचा डॅशबोर्ड कोरा होत नाही. तिथे आत्ता काय चालू आहे ते दिसतच राहते.

टाउटुलीमध्ये प्रत्येक वापरकर्त्याच्या नावापुढे ‘इतिहास ठेवा’ अशी खूण असते. ती काढली की त्या व्यक्तीच्या पाहण्याची नोंद साठत नाही, पण चालू सिनेमा अडकला तर त्याचे कारण तेव्हाच्या पत्त्यावर पाहता येते. तांत्रिक गरज आणि खासगीपणा यांची तोडजोड इतक्या थोडक्यात होऊ शकते, याची अनेक मालकांना कल्पना नसते. तिथेच दुसरा एक पर्याय आहे, ‘गेस्ट अॅक्सेस’चा. तो दिला की पाहणारा स्वतःच्या खात्याने टाउटुलीत शिरून आपल्याबद्दल काय काय नोंदले गेले आहे ते पाहू शकतो, इतरांचे नाही. ही सोय मुळात बंद असते. मालकाने ती आधी सेटिंगमध्ये आणि मग एकेका नावापुढे चालू करावी लागते.